कानांवर घेतलेली खोली

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत माइक, तारा, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर आणि हेडफोन यांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करू इच्छिणाऱ्या तरुणास लागणारी बहुतेक सामग्री एका फेरीत हाती पडावी, इतकी या पेठेची सोय उत्तम आहे. परंतु ते मुद्रित केलेले गाणे निवांतपणे व खात्रीने ऐकता येईल अशी खोली मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि दगडूशेठ हलवाई गणपतीपासून तांबड्या जोगेश्वरीपर्यंतच्या या दाट वस्तीत तर तिचाच मोठा दुष्काळ आहे. दिवसभर रस्त्यावरची वर्दळ, मंदिरांच्या घंटा, उत्सवाच्या दिवसांत ढोल-ताशांचा गजर, आणि रात्री सर्व शांत झाल्यावर शेजाऱ्यांच्या झोपेची जबाबदारी, अशा बंदोबस्तात ज्याला काम करायचे आहे, त्याला हेडफोनवाचून गत्यंतर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी विभागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे, आणि स्पीकरवर गाण्याचे मिश्रण (मिक्सिंग) करताना सामान्यतः जी पातळी ठेवावी लागते ती या मर्यादेच्या कितीतरी वर असते.

शिवाय खोली मिळाली तरी ती मिश्रणास योग्य असेलच असे नाही. जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोली कामासाठी स्वतंत्रपणे मिळणे हे भाग्य मानले जाते. परंतु ध्वनीच्या दृष्टीने चौरस खोली फार अडचणीची, कारण समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या तरंगाची अर्धी लांबी नेमकी मावते तो तरंग त्या खोलीत घुमत राहतो, आणि दहा फुटांच्या अंतरास हा हिशेब सुमारे ५६ हर्ट्झ असा निघतो. लांबी आणि रुंदी सारखीच असल्यामुळे दोन्ही दिशांचे घुमणे एकाच ठिकाणी येऊन पडते व दोष बळावतो. खोलीच्या ऐन मध्यावर बसावे तर हा स्वर जवळजवळ नाहीसा होतो, भिंतीला टेकून बसावे तर तोच फुगून अंगावर येतो. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाच्या डाव्या पुडीचा धीरगंभीर नाद, आणि काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा खर्ज, ज्याचा षड्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो, हे सर्व याच प्रदेशातले रहिवासी असल्यामुळे, अशा खोलीत स्पीकरवर घेतलेला निर्णय कितपत भरवशाचा असेल याचा अदमास वाचकांना सहज करता येईल. म्हणून हेडफोनला केवळ नाइलाजाचे साधन समजू नये. त्यात खोलीच नसल्यामुळे खोलीचे दोषही नाहीत, आणि हा त्याचा मोठा गुण आहे.

तरीही हेडफोनवर मनापासून जमविलेले मिश्रण बाहेर स्पीकरवर लावल्यावर विस्कटते, हा अनुभव सार्वत्रिक आहे, आणि त्याचे कारण समजून घेतल्यावाचून त्यावरील उपायाचा उपयोग नीट करता येत नाही. ज्या १९३१ सालच्या मार्च महिन्यात मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट झळकला, त्याच सालच्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन या अभियंत्याने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटाचा अर्ज दाखल केला. बोलपटातील पात्र पडद्याच्या एका टोकाला असावे आणि त्याचा आवाज मात्र भलतीकडून यावा, ही विसंगती त्याला खटकत होती. तीवर त्याने जो तोडगा काढला तो दोन स्पीकरांचा होता, आणि त्या तोडग्याचे सारे मर्म या गोष्टीत आहे की डावा स्पीकर केवळ डाव्या कानाला ऐकू येत नाही, तो उजव्या कानालाही, किंचित उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे किंचित मंद व बोथट होऊन, ऐकू येतो. समोर तीस अंशांवर ठेवलेल्या स्पीकरच्या बाबतीत हा उशीर सुमारे पाव मिलिसेकंद असतो. एवढ्याशा विलंबावरून आणि छटेच्या फरकावरून मेंदू समोरच्या अवकाशात गायकाची जागा ठरवितो. हेडफोनमध्ये ही देवाणघेवाण मुळातच तुटते. डाव्याचे डाव्याला आणि उजव्याचे उजव्याला अशी कडक वाटणी होऊन गायक समोर उभा न राहता डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधोमध येऊन बसतो.

यातून तीन प्रकारचे चुकीचे निर्णय संभवतात, आणि तिन्ही नेहमीचे आहेत. पहिला निर्णय रुंदीचा: हेडफोनवर बाजूची वाद्ये कानाला चिकटल्यासारखी वाटतात, म्हणून आपण त्यांना आत ओढतो, आणि तेच गाणे स्पीकरवर लावले की सगळी मंडळी मधल्या एका अरुंद जागेत दाटीवाटीने उभी राहतात. दुसरा मुख्य आवाजाचा: डोक्याच्या मध्यभागी गायकाचे शब्द इतके स्वच्छ ऐकू येतात की त्याची पातळी थोडी कमी ठेवली तरी चालेल असे वाटते, पण स्पीकरवर मध्यभागचा आवाज हा दोन स्पीकरांच्या संगनमताने निर्माण झालेला आभास असल्याने, आणि त्या पाव मिलिसेकंदाच्या विलंबामुळे दोन हजार हर्ट्झच्या आसपास त्यात एक खळगा पडत असल्याने, शब्द वाद्यांच्या मागे जातात. तिसरा निर्णय रिव्हर्बचा, म्हणजे आवाजाला दिलेल्या कृत्रिम घुमाऱ्याचा: हेडफोनवर रिव्हर्बचा प्रत्येक कण ऐकू येतो, सबब आपण तो हात आखडून वापरतो, आणि बाहेर गाणे कोरडे पडते.

या तुटलेल्या देवाणघेवाणीची भरपाई करण्याची कल्पना जुनी आहे. १९६१ साली अमेरिकेतील बेंजामिन बाउअर याने डाव्या वाहिनीचा थोडा अंश योग्य विलंबाने व योग्य छटेने उजव्या कानात सोडणारे विद्युतमंडल मांडले, आणि आज ‘क्रॉसफीड’ या नावाने ज्या गोष्टीचा उल्लेख होतो तिचा उगम तेथे आहे. अलीकडच्या साधनांनी यापुढे पाऊल टाकले आहे. एखाद्या नामांकित स्टुडिओच्या नियंत्रणकक्षात कृत्रिम मस्तक ठेवून, त्याच्या कानांतील माइकांनी प्रत्येक स्पीकरचा व खोलीच्या परावर्तनांचा प्रतिसाद टिपला जातो, आणि तो प्रतिसाद संगणकाकडून आपल्या गाण्यावर चढविला जातो, त्यामुळे हेडफोन कानांवर असतानाही आवाज समोरच्या दोन स्पीकरांतून येतो आहे असा भास होतो. वेव्हज कंपनीचे ‘एनएक्स’ आणि ‘ॲबी रोड स्टुडिओ ३’, स्लेट कंपनीचे स्वतःच्या हेडफोनसह मिळणारे ‘व्हीएसएक्स’, ‘रिअलफोन्स’, अ‍ॅकस्टिकाचे ‘सिएना’ ही या कुळातील परिचित नावे. ‘कॅनओपनर’ हे निव्वळ क्रॉसफीडपुरते मर्यादित राहणारे, आणि ज्याला खोलीचा बडिवार नको त्याने प्रथम तेच पाहावे. आणखी एक बाब येथेच स्पष्ट केली पाहिजे. हेडफोनच्या स्वतःच्या ध्वनिप्रतिसादातील खाचखळगे दुरुस्त करणे हे एक काम, आणि स्पीकर व खोली यांचा भास उभा करणे हे दुसरे. सोनारवर्क्सचे ‘साउंडआयडी रेफरन्स’ मुख्यतः पहिल्या कामासाठी ओळखले जाते. वर सांगितलेल्यांपैकी कित्येक साधने दोन्ही कामे एकत्र करतात. ही चौकशी न करता एकावर एक साधन लावले, तर एकच दुरुस्ती दोनदा होते व खालचा-वरचा सगळा तोल ढळतो. संपूर्ण संगणकाला लागू होणारी दुरुस्ती आणि प्रकल्पाच्या आत लावलेले प्लगइन अशी दोन्ही चालू राहिल्याने असे घोटाळे वारंवार होतात.

आता साधन कोठे लावावे याविषयी. हा भाग रुक्ष वाटेल, तथापि सर्वांत अधिक नुकसान येथील हयगयीनेच होते. हे साधन आपल्या ऐकण्यासाठी आहे, गाण्यासाठी नाही. डोळ्यांना चष्मा लावून चित्र काढणारा चित्रकार तो चष्मा चित्रावर डकवून विकत नाही, त्याप्रमाणे आभासी खोलीही अंतिम फाइलीत जाता कामा नये. मास्टर ट्रॅकवर प्लगइन लावून, फाइल काढण्यापूर्वी ते बंद करायची आठवण ठेवू, या भरवशावर कोणी राहू नये. ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रणालींपैकी रीपरमध्ये ‘मॉनिटरिंग एफएक्स’ आणि क्यूबेसच्या मोठ्या आवृत्तीत ‘कंट्रोल रूम’ अशा स्वतंत्र जागा याच कामासाठी दिलेल्या आहेत, तेथे लावलेले साधन ऐकू येते पण फाइलीत उतरत नाही. ज्या प्रणालीत अशी सोय नाही तेथे मास्टरवरील शेवटच्या स्थानी ते ठेवावे, आणि काढलेली प्रत्येक फाइल साध्या प्लेअरवर, आभासाशिवाय, पुन्हा उघडून खातरजमा केल्याखेरीज पुढे धाडू नये. ध्वनिमुद्रण चालू असताना मात्र साधन बंदच ठेवलेले बरे, कारण त्याच्या गणिताला वेळ लागतो, आणि आपलाच आवाज क्षणभर उशिरा कानी पडला की गायकाची लय डगमगते.

साधन प्रथमच सुरू केल्यावर बहुतेकांची निराशा होते, आणि ही निराशा मी फार गांभीर्याने घेतो, कारण पुष्कळ चांगले लोक याच टप्प्यावर मागे फिरतात. आवाज पातळ, पोकळ किंवा डब्यातून आल्यासारखा वाटतो. समोरचा स्पीकर समोर न वाटता कपाळाच्या वर किंवा थेट पाठीमागे वाटतो. याचे कारण असे की प्रत्येक मनुष्याच्या कानाच्या पाळीचे वळण वेगळे असते व त्या वळणातून येणारी छटा ओळखूनच मेंदूने आयुष्यभर दिशा शिकलेली असते, आणि येथे त्याला परक्या मस्तकाचे कान दिलेले असतात. परंतु मेंदू नव्याने शिकू शकतो. नेदरलँड्समधील हॉफमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही माणसांच्या कानांच्या पाळीत साचे बसवून त्यांचा आकारच पालटला. आरंभी त्यांना ध्वनी वरून येतो की खालून हे कळेनासे झाले, आणि काही आठवडे ते साचे घालून वावरल्यावर ते ज्ञान हळूहळू परतले. तेव्हा एकदा साधन व त्यातील एक खोली पक्की केली की निदान काही आठवडे तीच ठेवावी, दररोज मिश्रणाला बसण्यापूर्वी आपल्या पूर्ण परिचयाची, उत्तम ध्वनिमिश्रणाची चार-पाच गाणी तिच्यातून ऐकावीत, आणि काम केवळ त्यानंतर सुरू करावे. डोक्याची हालचाल टिपून त्याप्रमाणे आवाजाची दिशा स्थिर ठेवणारी सोय साधनात असेल तर ती अवश्य वापरावी. मान किंचित वळविली तरी गायक आपल्या जागी राहतो, आणि पुढचे-मागचे ओळखण्यातील गोंधळ त्यामुळे पुष्कळ कमी होतो.

साधनांतून पुष्कळ खोल्या मिळतात, नामांकित स्टुडिओ, मोटारगाडी, नृत्यगृह, आणि त्या सर्वांत फिरत राहण्याचा मोह अनावर असतो. माझे मत याविषयी ठाम आहे: निर्णय एकाच खोलीत घ्यावेत. प्रत्येक खोलीत थोडी थोडी दुरुस्ती करीत गेल्यास गाण्याला कोणतीच खोली मानवत नाही. बाकीच्या खोल्या हव्या तर दिवसाच्या शेवटी, एकदाच, केवळ ऐकण्यासाठी उघडाव्यात आणि जे खटकले ते कागदावर टिपून पुन्हा आपल्या मूळ खोलीत येऊन त्याचा विचार करावा. साधन चालू-बंद करून तुलना करताना दोन्ही स्थितींत आवाजाची पातळी सारखी आहे ना, याकडे लक्ष हवे, कारण जरासा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो आणि त्या मोठेपणाचे श्रेय आपण चुकून खोलीला देतो.

एक अभंग मिश्रणास घेतला आहे असे समजू: मुख्य गायक, मागे कोरस, पखवाज, टाळ, पेटी आणि तंबोऱ्यांची जोड. आरंभ आभासाशिवाय, साध्या हेडफोनवर करावा. श्वासाचे फटकारे, माइकवर बसलेले धक्के, दोन तुकड्यांच्या जोडावरचे टिचके, पंख्याची घरघर हे सारे दोष हेडफोन निर्दयपणे दाखवितो आणि त्या कामात आभासी खोलीने अडथळाच होतो. एवढी सफाई झाली की खोली उघडावी, आणि प्रथम फक्त गायक व पखवाज ठेवून त्या दोघांचा तोल साधावा, कारण अभंगाचा सारा डोलारा या दोघांवर उभा असतो. गायकाची पातळी हेडफोनवर पुरेशी वाटणाऱ्या पातळीहून खोलीत बहुधा थोडी वर ठरेल, आणि ती तशीच ठेवावी. तंबोऱ्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. दोन माइकांनी घेतलेला किंवा यांत्रिक तंबोऱ्याचा रुंद केलेला झंकार हेडफोनवर अत्यंत रमणीय वाटतो, डोक्याभोवती तेजोवलय पसरावे तसा. परंतु ही रुंदी पुष्कळदा दोन वाहिन्यांतील तरंग परस्परविरोधी करून मिळविलेली असते, आणि स्पीकरवर ती पोकळ होते, तर दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनोमध्ये ऐकल्यास तंबोरा जवळजवळ अदृश्य होतो. आपल्याकडे भजनाच्या मंडपातील कर्णे आणि पुष्कळसे लहान ब्लूटूथ स्पीकर मोनोच असतात, तेव्हा ही परीक्षा चुकवून चालणार नाही. टाळाच्या बाबतीत हेडफोनच्या प्रतिसादाची दुरुस्ती निर्णायक ठरते. काही लोकप्रिय हेडफोनांत आठ-नऊ हजार हर्ट्झच्या सुमारास ठळक उंचवटा असतो, तो दुरुस्त न करता काम केले तर टाळ टोचतात म्हणून आपण त्यांची धार कापतो, आणि मंडपात ते टाळ पत्र्यावर कापड घातल्यासारखे निर्जीव वाजतात. कोरस मात्र खोलीतच डावीकडे-उजवीकडे निःसंकोच पसरावा, साध्या हेडफोनवर तो अतिरेकी वाटला तरी.

रिव्हर्बबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. आभासी खोली स्वतःची परावर्तने गाण्यात मिसळते, त्यामुळे गाणे आधीच थोडे ओले ऐकू येते आणि हेडफोनवर रिव्हर्ब कमी ठेवण्याची जी खोड होती ती खोलीत आणखी बळावण्याचा संभव असतो. म्हणून साधनात खोलीचे प्रमाण कमी करता येत असेल तर या निर्णयापुरते ते कमी करावे, अथवा सर्वांत कोरडी खोली घ्यावी, आणि देवळाच्या गाभाऱ्यासारखा गंभीर विस्तार गाण्यात हवा असेल तर तो तेथे ठरवावा.

खालच्या स्वरांपुढे मात्र या साधनांची हद्द संपते. पखवाजाच्या थापेने छातीत व जमिनीत जे कंपन उतरते ते हेडफोनला कोणत्याही गणिताने निर्माण करता येत नाही, आणि शरीराला न जाणवलेला खर्ज आपण कानाच्या समाधानासाठी वाढवीत जातो. त्याला उतारा दोन प्रकारचा. एक म्हणजे त्याच जातीच्या वाद्यमेळाचे, सर्वमान्य गाणे शेजारच्या ट्रॅकवर समान पातळीवर ठेवून सतत तुलना करणे आणि वर्णपट दाखविणाऱ्या मापकावर शंभर हर्ट्झखालचा भाग डोळ्यांनीही पाहणे. दुसरा म्हणजे दिवसा, शेजाऱ्यांना हरकत नसेल अशा वेळी, कोणत्याही खऱ्या स्पीकरवर, तो साधा असला तरी, काही मिनिटे ऐकणे. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरचाही दाखला घ्यावा: त्यातून डग्ग्याचा मूळ स्वर निघतच नाही, केवळ त्याच्या वरच्या उपस्वरांवरून मेंदू तो ताडतो, आणि तबल्याच्या शाईमुळे त्याचे उपस्वर संवादी होतात हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिलेले तत्त्व येथे आपल्या साहाय्यास येते, दायां मोबाइलवरही सुरात ऐकू येतो, पण डग्ग्याला वरच्या पट्टीत थोडी स्पष्टता दिली नसेल तर ठेक्याचा अर्धा भाग गळून पडतो.

आवाज किती ठेवावा? मंद आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविले, म्हणून पातळी सारखी बदलत राहिल्यास खर्जाचे निर्णयही बदलत राहतात. मध्यम पातळी ठरवून तेथे खूण करावी आणि बहुतेक काम त्या खुणेवरच करावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल इतका आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि त्यावर दर तीन डेसिबलमागे ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८३ वर वीस तास, ८६ वर दहा. रस्त्यावरचा गलबला झाकण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढविणे हा बुधवार पेठेतील खरा धोका आहे. त्यापेक्षा गर्दीच्या वेळी बंद कपाचा हेडफोन घेऊन सफाईची कामे उरकावीत, आणि खोलीचा भास लागणारे निर्णय पहाटेसाठी किंवा रात्रीसाठी राखून ठेवावेत, जेव्हा उघड्या कपाचा हेडफोन वापरता येतो व त्यातून हा भास बहुधा अधिक नैसर्गिक उतरतो.

खरेदीचा क्रम सांगायचा तर प्रथम हेडफोन, मग साधन. साधनाच्या यादीत आपल्या हेडफोनचे नेमके मॉडेल आहे की नाही ते आधी पाहावे. नसल्यास त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे मॉडेल निवडून भागवू नये, कारण दुरुस्ती ज्या दोषाची आहे तो दोष आपल्या हेडफोनात नसेल. मोफत परीक्षणाची मुदत मिळत असेल तर ती एखाद्या पूर्ण झालेल्या, अनेक ठिकाणी वाजलेल्या स्वतःच्या गाण्यावर खर्च करावी: जे दोष त्या गाण्यात बाहेर आढळले होते ते आभासी खोलीत ऐकू येतात का, एवढीच परीक्षा पुरेशी आहे. हेडफोन वापरात जुना झाला की त्याच्या गाद्या दबतात, कान पडद्याच्या जवळ जातो, खर्ज व तार दोन्ही बदलतात आणि साधनातील दुरुस्ती निरुपयोगी होऊ लागते. अशा वेळी तपकीर गल्लीत स्वस्तात मिळणाऱ्या, जाडीने व कापडाने वेगळ्या गाद्या न बसविता त्या मॉडेलच्या मूळ गाद्या मागवाव्यात, आणि त्या बसविल्यानंतर परिचयाची तीच चार-पाच गाणी पुन्हा ऐकून मगच हाती असलेले मिश्रण पुढे चालवावे.